मोकळी ओळ

अजिंक्य खराडे नळासमोर उभा होता आणि नळ वाहत होता. दात घासून झाले होते, चूळ भरून झाली होती, ब्रश जागेवर गेला होता. पुढचं काही घडत नव्हतं. रेवतीने आत येऊन नळ बंद केला, टॉवेलने त्याचं तोंड पुसलं आणि ती बाजूला उभी राहिली. थोड्या वेळाने तो वळला, स्वयंपाकघरात गेला आणि खुर्ची ओढून बसला.

"चहा दे," तो म्हणाला. "आलं घातलंस का?"

आलं घातलेलं होतं. रोजच घातलेलं असायचं. प्रश्न रेवतीनेच लिहिला होता. तिने कप त्याच्यासमोर ठेवला.

अजिंक्य मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो वर्गाबाहेर, भिंतीला टेकून बसलेला सापडला. हातपाय चालत होते, डोळे उघडे होते, तोंड वाकडं नव्हतं. विद्यार्थ्यांना वाटलं सर दमलेत. स्ट्रोक होता, पण नेहमीचा नव्हता.

मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर, पुढच्या बाजूला, एक पट्टा असतो. भाषा तिथे नसते, आठवणी नसतात, स्नायूंचा ताबाही नसतो. तिथे सुरुवात असते. पाणी प्यावं, उठावं, बोलावं, या प्रत्येक गोष्टीआधी जी हलकी ओढ लागते ती तिथून येते. दोन्ही बाजूंचा हा पट्टा बिघडला तर माणूस जागा राहतो, त्याला सगळं समजतं, सगळं करता येतं आणि तो काहीच करत नाही. यातून बरे झालेले रुग्ण नंतर सांगतात की त्यांना वेदना नव्हती, भीती नव्हती. बोलावंसंच वाटत नव्हतं.

'चालना' हे यंत्र अशा रुग्णांसाठी होतं. केसाइतक्या बारीक तारा त्या पट्ट्याच्या आसपास बसवलेल्या, कानामागे एक चकती, चष्म्याच्या दांडीत कॅमेरा आणि माइक. समोर काय आहे ते यंत्र ओळखायचं आणि मेंदूला एक धक्का द्यायचं. धक्का कुठल्या दिशेने, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागायचं. या माणसासमोर चहा आला की हा माणूस काय करतो? त्याची आई आली की काय म्हणतो? ते घरच्यांनी लिहायचं. त्या लिखाणाला 'पान' म्हणत.

पान लिहायची पद्धत यंत्र बनवणाऱ्यांनी नवी शोधली नव्हती. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीत प्रत्येक आज्ञेची माहिती देणारं एक पान असे. ते लिहायचे मोजके संकेत होते आणि अर्धशतक उलटून गेलं तरी ते बदलले नव्हते. नोंद सुरू करायची तर एका ओळीत टिंब देऊन टीपी लिहायचं. त्याखालची ओळ टॅग बनते आणि डावीकडे कडेला उभी राहते. त्यानंतरचा मजकूर थोडा आत सरकून बसतो. दोन नोंदींमध्ये आपोआप एक मोकळी ओळ पडते. ती नको असेल तर पीडी शून्य असं लिहायचं, मग नोंदी एकीखाली एक चिकटून येतात. पुन्हा हवी असेल तर नुसतं पीडी. एवढं शिकायला रेवतीला एक सकाळ पुरली. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. संकेत पाळणं तिच्या सवयीचं होतं.

कायद्याने एक अट घातली होती. घरच्यांना छापील पान जसं दिसतं तसंच यंत्राने वाचायचं. मागे दडलेली एकही सूचना चालणार नाही. त्यामुळे कागदावरची मोकळी ओळसुद्धा सूचनाच ठरली. माणसाला ती काहीच नाही असं वाटतं. यंत्राला ती सांगायची: इथे थांब, ढकलू नकोस.

"सतत हात धरून चालवलं तर पाय कधी शिकणार, ताई?" 'चालना' बसवणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टर तहसीन मुजावर पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "स्वतःहून काही करण्याआधी मेंदूत एक संथ लहर उठते. आम्ही तिला तयारीची लहर म्हणतो. ती या मोकळ्या वेळातच येऊ शकते. आपण ढकलत असलो तर तिला जागाच नाही."

म्हणून पानात मोकळ्या ओळी होत्या, आणि म्हणून अजिंक्य दिवसातून अनेकदा कुठेतरी थांबलेला असे. नळापाशी, जिन्यात, हातात मोजा घेऊन पलंगाच्या कडेला. दिवाळीनंतर केंद्र रेवतीला विचारणार होतं: ओळी ठेवायच्या, की पान कायमचं सलग करायचं? पत्नी म्हणून निर्णय तिचा होता. तोवर त्याने स्वतःहून काही केलं तर प्रश्न मिटला. अजून केलं नव्हतं.

*

श्रावणात तिच्या सासूबाई, शालनबाई, बोरगावहून राहायला आल्या. रेवती त्यांना आत्या म्हणायची. त्यांनी पिशवी दारातच ठेवली आणि मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

अजिंक्यने मान वर केली. "आई, बसतेस का? गुडघा कसाय?"

"बरा हाय बाळा," आत्या म्हणाल्या आणि बसल्या. "तुझं कसं हाय?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. डोळे त्यांच्यावर होते, पण बघणं संपलेलं होतं. आत्यांनी पुन्हा विचारलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हलवून विचारलं.

"आत्ता नाही बोलणार," रेवती म्हणाली. "तुमची नोंद संपली. आता थोडा वेळ मोकळा आहे."

"मोकळा म्हंजे?"

रेवतीने समजावून सांगितलं. आत्या ऐकत होत्या, पण नजर मुलावर होती.

"म्हंजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून त्याला मुका ठेवायचा," त्या म्हणाल्या.

छापील पान फ्रिजवर लावलेलं असे. संध्याकाळी आत्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. बोट ओळीखाली धरून वाचायच्या. मध्येच बोट थांबलं.

"हे मगदूम कोण?"

"मी."

"तू खराडे न्हवं का?"

"तो मगदूमच म्हणतो मला. कॉलेजपासून."

"माहीत हाय की. लग्नात सुदीक स्टेजवरनं 'ए मगदूम, इकडं बघ' म्हणून वरडला. माझ्या भावजया हसत हुत्या." आत्यांनी बोट पुढे नेलं. "पर ह्याच्याम्होरं कोरं हाय."

"लिहायचंय अजून."

"चार महिनं?"

रेवतीने कुकरचं झाकण लावलं. ती लिहायला बसली नव्हती असं नाही. 'मगदूम' असा टॅग टाकून तिने खाली ओळ लिहिली होती: ऑफिसातून आली की चिडवतो, "काय मगदूम, आज किती जणांच्या विहिरी नापास केल्या?" वाचून बघितली आणि पुसली. ती दारातून आत येणार, तो तिनेच लिहिलेलं वाक्य म्हणणार, आणि ती काय करणार? हसणार? दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी टॅग तसाच ठेवला. टॅगपुढे काही नाही आणि खाली मोकळी ओळ, याचा अर्थ यंत्र बरोबर लावायचं. ती समोर असली की अजिंक्यला कुठलाही धक्का बसत नसे.

तिच्या नोंदीखाली शेजारच्या लिमयेकाकांची नोंद होती. ती तिने उन्हाळ्यातच एका दमात लिहिली होती.

*

चार दिवसांनी गीझरच्या नळाखाली अजिंक्यचा हात भाजला. पाणी गरम होत गेलं आणि तो हात धुवून झाल्यावर थांबला होता. फार नाही भाजलं. आत्यांनी मलम लावलं आणि मलम लावता लावता म्हणाल्या, "सकाळचं तेवढं तरी सलग कर. तुझ्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, हात शिजल्यावर काय लहर येत न्हाई."

यात चूक काही नव्हतं. केंद्रानेही धोक्याच्या जागा सलग करायची मुभा दिली होती. रेवतीने लॅपटॉप उघडला, सकाळच्या पहिल्या नोंदीआधी पीडी शून्य लिहिलं, नवी प्रत छापून फ्रिजवर लावली, पान यंत्रात भरलं आणि कामावर गेली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत नमुने बरेच होते. ती परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जिन्यातच तिला घरातून बोलण्याचा आवाज ऐकू आला. दार उघडलं तर आत्या सोफ्यावर बसलेल्या, अजिंक्य त्यांच्यासमोर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता आणि बांधावरून झालेल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होता. गोष्ट पानातली होती. 'कपडे' आणि 'आई' या दोन नोंदी एकापाठोपाठ लागल्या होत्या. आत्यांचे डोळे ओले होते. "सकाळपास्नं थांबला न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पेपर वाचला, माझ्या पायाला तेल लावलं."

अजिंक्यने शर्ट बाजूला ठेवला. तो उठून उभा राहिला आणि रेवतीकडे बघून अदबीने हसला.

"या, या. बसा," तो म्हणाला. "घरचे सगळे बरे ना?"

रेवतीच्या हातात अजून चपलेचा पट्टा होता.

"चहा घेणार ना? बिनसाखरेचा करतो. लाजू नका."

आत्या खळखळून हसल्या. "बघ, बायकूला अहोजाहो करायला लागला. आमच्या खानदानात कुणी केलं न्हवतं."

"घेईन," रेवती म्हणाली.

तो स्वयंपाकघरात गेला. तिने चप्पल काढली आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. चहा आला. बशीत दोन बिस्किटं होती. साखर खरंच नव्हती.

"उन्हाचं कसं चाललंय तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"ठीक आहे."

"आमच्याकडेही तसंच."

चूक सापडायला वेळ लागला नाही. सकाळच्या नोंदी संपल्यावर नुसतं पीडी लिहायचं राहिलं होतं. एकदा बंद केलेली जागा पुन्हा उघडेपर्यंत बंदच राहते, त्यामुळे शेवटपर्यंत सगळं पान चिकटलं होतं. 'मगदूम' या टॅगखाली मजकूर नव्हता, आता मोकळी ओळही नव्हती, आणि लगेच खाली 'लिमयेकाका' हा टॅग. जुन्या पानांत एकाच गोष्टीची दोन नावं अशीच लिहीत: एकाखाली एक, मध्ये जागा न सोडता, आणि दोघांचं वर्णन एकच. यंत्राने नियमाप्रमाणे वाचलं. मगदूम आणि लिमयेकाका एकच.

रेवतीने आत्यांना हे सांगितलं. आत्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"मग तुझ्याम्होरं कायतरी लिही. बाकीचं ऱ्हाऊ दे."

"डॉक्टर म्हणतात—"

"त्या बघाय येत्यात व्हय? चार दिस तरी ऱ्हाऊ दे. माझा ल्योक माझ्याशी बोलतोय."

रेवतीने राहू दिलं. चार दिवसांचे जास्त झाले.

अजिंक्य घरात वावरू लागला. दळण आणलं, बाल्कनीतल्या कुंड्या हलवल्या, लिमयेकाका आले तेव्हा त्यांच्याशी तासभर बोलला आणि काका जाताना रेवतीला म्हणाले, "सूनबाई, मला आशा नव्हती हो. शंभर टक्के आधीसारखा." रोज संध्याकाळी ती दारात आली की तो उठून उभा राहायचा. या, बसा. घरचे सगळे बरे ना? ती म्हणायची, बरे आहेत. बिनसाखरेचा चहा प्यायची. तिला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पहिले काही दिवस तिने त्याची वाटही बघितली. आलं नाही. चहा पिऊन झाला की कप विसळून ती कामाला लागायची. टॅगपुढे काहीतरी लिहिणं किंवा एक ओळ मोकळी करणं, दोन्ही पाच मिनिटांचं काम होतं.

एकदा आत्यांनी विचारलं, "तुला काय वाटत न्हाई का गं?"

"कशाचं?"

आत्या उठून आत गेल्या.

*

केंद्रात डॉक्टर मुजावरांनी पडद्यावर दोन आलेख लावले. वरच्या आलेखात सपाट रेषेवर अधूनमधून लहान उंचवटे होते. खालचा आलेख सपाट होता.

"हा पावसाळ्याच्या सुरुवातीचा. हे उंचवटे बघा. कृतीपर्यंत पोचत नव्हते, पण उठत होते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा पान सलग झाल्यानंतरचा. ताई, मी रागावत नाहीये. चूक होते. पण एवढे आठवडे?"

"सासूबाई घरी होत्या," रेवती म्हणाली. ते कारण म्हणून सांगितलं की माहिती म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

आत्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"ते उंचवटे उठले तेव्हा समोर काय होतं?" रेवतीने विचारलं. "कॅमेऱ्यात असेल ना."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग चित्रं लावली. खिडकीचे गज. दोरीवरचे कपडे. पंखा. रिकामा जिना.

"मी?"

"तुमच्या टॅगपुढे काही नव्हतं. म्हणजे तुम्ही समोर असताना त्यांना सगळ्यात जास्त मोकळीक होती."

"आणि लहरी?"

"कमी. सगळ्यात कमी, खरं सांगायचं तर." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "याचा अर्थ मला माहीत नाही, ताई. ओळखीच्या माणसाबरोबर मेंदूला काही करावंसं वाटत नाही, निवांत असतो, असंही असेल. दुसरंही काही असेल. लहर उठते एवढंच दिसतं. का उठते ते दिसत नाही."

रेवतीने मान हलवली. नमुन्यात क्षार किती हे सांगता येतं, विहीर कुणी खणली हे नाही, तसंच हे.

"एक गोष्ट दोघींनाही सांगून ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी एक जरी कृती स्वतःहून केली, तर त्या दिवसापासून पान तुमचं राहत नाही. त्यांचं होतं. एक शब्द बदलायचा तरी त्यांना विचारावं लागेल. आणि ओळी बंद करायचा अधिकारही तुमच्याकडे राहणार नाही."

"आन् त्यो बोललाच न्हाई तर?" आत्यांनी विचारलं.

"तर थांबावं लागेल."

परतीच्या रिक्षात अजिंक्य दोघींच्या मध्ये बसला होता आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. 'प्रवास' नोंदीत तसं लिहिलेलं होतं.

"तू ओळी उघडणार," आत्या म्हणाल्या.

"हो."

"मी किती वर्सं ऱ्हाणार आता? मला त्यो बोलताना पायजे. त्याचं सवताचं नसलं तरी चालंल."

"आत्या, तो बोलत नाही तुमच्याशी. मी बोलते. गुडघा कसाय ते मी विचारते. त्याच्या तोंडून."

रिक्षा सिग्नलला थांबली. अजिंक्यने औषधाच्या दुकानाची पाटी वाचली.

"मग तसं तुझ्या तोंडानं का इचारत न्हाईस कधी?" आत्या म्हणाल्या.

सिग्नल सुटला. रेवतीने त्याच दिवशी सकाळच्या नोंदींखाली पीडी लिहिलं. पान लांबलं. नोंदी एकमेकींपासून सुट्या झाल्या आणि तिच्या टॅगपुढची जागा पुन्हा रिकामी दिसू लागली.

*

घर परत शांत झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दारात आली तेव्हा अजिंक्य उठला नाही. तिने पाहुण्यांच्या खुर्चीत न बसता आपला चहा आपण केला, सवयीने साखर घालायची विसरली आणि तसाच प्यायली.

आत्या तिच्याशी कामापुरतं बोलत. बोरगावला परत जायचं म्हणत, पण जात नव्हत्या. दिवसभर मुलासमोर बसत. तो "आई, बसतेस का?" म्हणाला की बसल्या जागेवरून "बसलीय की" म्हणत, आणि मग पुढच्या शांततेत बटाटे सोलत, वाती वळत. नवरात्र झालं. फ्रिजवरच्या पानाकडे कुणी बघत नव्हतं.

डॉक्टर मुजावरांनी स्पर्शाचं सुचवलं होतं. मोकळ्या वेळात जवळ बसा, हात हातात घ्या. कधी कधी त्याने लहर पुढे सरकते. रेवती रविवारी दुपारी त्याच्या शेजारी बसायला लागली. त्याचा हात उचलून आपल्या हातात घ्यायचा. हात गरम असायचा, नाडी लागायची. भाजल्याची जागा आता फक्त थोडी फिकट होती. ती टीव्ही लावत नसे, बोलत नसे. अर्धा तास झाला की हात परत त्याच्या मांडीवर ठेवायचा आणि उठायचं.

तशाच एका दुपारी आत्या समोर मेथी निवडत बसल्या होत्या. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं, ते हळूहळू सोफ्यावर चढत होतं. रेवतीच्या हातात अजिंक्यचा हात होता. ती उद्याच्या नमुन्यांचा विचार करत होती.

हात हलला.

तिला आधी वाटलं स्नायू उडाला असेल. मग बोटं एकत्र आली, मनगट वळलं, आणि अजिंक्यने आपला हात तिच्या हातातून काढून घेतला. सावकाश, झटका न देता. स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. समोर बघत होता.

रेवतीचा हात होता तसाच राहिला, हवेत, अर्धवट वळलेला.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"हात काढला त्याने."

"कुणी? त्यानं?" आत्यांच्या मांडीवरची मेथी खाली पडली. "तसं लिहिलंय व्हय कुठं?"

"नाही."

"खरं सांग."

"असं कोण लिहील, आत्या?"

आत्या उठून जवळ आल्या. मुलाच्या तोंडाकडे बघितलं, गुडघ्यावरच्या हाताकडे बघितलं. मग रेवतीकडे. त्यांना आनंद झाला होता आणि तो दाखवावा की नाही हे कळत नव्हतं.

"पुन्यांदा धर की," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "चुकून काढला आसंल."

रेवतीने आपला हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

फोन वाजला. केंद्राच्या पडद्यावर लहर आपोआप दिसली होती. रविवार होता, तरी डॉक्टर मुजावरांनी स्वतः फोन केला होता.

"ताई, आत्ता काय झालं? काहीतरी झालंय. उंचवटा पूर्ण वर गेलाय, धक्का कुठला नाही. काय केलं त्यांनी?"

"हात काढून घेतला."

"कशातून?"

"माझ्या हातातून."

पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "स्वतःहून?"

"हो."

"ताई, ही पहिली कृती आहे. हे फार मोठं आहे. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय."

"रडलात तरी चालेल हं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज जरा ओला होता.

"नाही, तसं काही नाही," रेवती म्हणाली. ते खरं होतं. तळहात मात्र अजून गरम होता.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. पानाला आता कुलूप लागलं. आजपासून ते अजिंक्यचं. कुठलंही उत्तर त्याच्या तोंडी घालायचं नाही. घरातल्या साध्या गोष्टींपासून सुरू करा, त्याला विचारा. उत्तराला कितीही वेळ लागला तरी दुसऱ्या कुणी द्यायचं नाही.

तिने फोन ठेवला आणि आत्यांना सांगितलं. आत्या खाली बसून मेथीच्या काड्या गोळा करत होत्या.

"इचारायचं म्हंजे काय इचारायचं?"

रेवतीने विचार केला. महिनोन्‌महिने तिने त्याला काहीच विचारलं नव्हतं. ऊन आता त्याच्या तोंडावर आलं होतं, डोळ्यांवर. त्याने ते बारीक केले होते, किंवा उन्हानेच ते बारीक झाले होते. एरवी तिने उठून खिडकी लावली असती.

ती उठून खिडकीपाशी गेली आणि खिडकीच्या दाराला हात लावून उभी राहिली.

"अजिंक्य, खिडकी लावू?"

"लाव की गं, ऊन लागतंय त्या—" आत्या म्हणाल्या आणि थांबल्या. काड्यांची मूठ त्यांनी ओटीत टाकली, तिथेच भिंतीला पाठ लावली आणि मुलाकडे बघत बसल्या.

खालून कुणीतरी स्कूटर सुरू करून गेलं. रेवतीने दार ओढलं नाही. उन्हात धूळ तरंगत होती, अजिंक्यचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, आणि तो काय म्हणेल हे तिला माहीत नव्हतं.